दर दोन वर्षांनी तेच स्क्रू गंजतात : अगाशीवरच्या शेडचं दुखणं कसं शोधायचं

आमच्या कारेलीबागच्या घराच्या अगाशीवर जीआय पत्र्याची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याची, शेड आहे. बडोद्यात राहून 'गच्ची' हा शब्द आमच्या तोंडून कधीच गेला, तेव्हा अगाशीच म्हणतो. शेड साधीच : एमएसच्या (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपांचा सांगाडा, वर नालीदार पत्रे, पत्र्यांना स्क्रू. खाली वाळत घातलेले कपडे, जुनी सायकल आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, फिरक्या. या शेडचे एका कोपऱ्यातले स्क्रू मी सहा वर्षांत तीनदा बदलले. बाकी तीन कोपरे पहिल्या दिवसासारखे, आणि हा एकच कोपरा दर दुसऱ्या पावसाळ्यात लाल.

नोकरी मी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात काढली, गंजाशी झटापट रोजची. तरी स्वतःच्या घरी तीनदा चुकलो. म्हणून आधी चुका सांगतो. लोक सहसा त्याच क्रमाने चुकतात.

पहिल्यांदा वाटलं, स्क्रूच हलके होते. तसेच नवे आणून लावले. दोन पावसाळ्यांत परत लाल. दुसऱ्यांदा म्हटलं, आता खर्च करू, एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू आणले. मिस्त्री म्हणाला, "कांई वांधो नहीं काका, हवे जोवुं नहीं पडे." खरोखरच स्क्रूंकडे बघावं लागलं नाही. ते चकाचक राहिले आणि त्यांच्याभोवतीचा पत्राच खाल्ला गेला. वॉशरच्या कडेने आधी राखाडी, मग तपकिरी कडं, मग भोक एवढं सैल की वाऱ्यात पत्रा वाजायला लागला. तिसऱ्यांदा स्क्रू पुन्हा बदलले, सैल भोकांवर एपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरली आणि स्क्रूभोवती रुपयाएवढे ऑइलपेंटचे ठिपके दिले. एका उन्हाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटले. ठिपक्याखाली गंज, आणि आता ठिपक्याच्या बाहेरही.

तिन्ही वेळा मी स्क्रूकडे बघत होतो. वर बघितलंच नाही.

मे महिन्यातलं ओलं

कारण सापडलं ते भर उन्हाळ्यात. मे महिना, दुपारचे तीन, आकाशात ढगाचा तुकडा नाही, आणि शेडच्या त्याच कोपऱ्यात पत्र्याच्या एका नालीत पाण्याची ओळ चमकत होती. शिडी लावून वर गेलो. वरच्या मजल्यावर धाकट्या भावाची खोली आहे. तिच्या एसीचे तांब्याचे दोन पाइप शेडवरून वीतभर उंचीने आउटडोअर युनिटकडे जातात. त्यातल्या जाड पाइपावरचा काळा फोम हातभर लांबीत फाटून लोंबत होता. उघडं तांबं घामेजलेलं, आणि घामाचा थेंब ठराविक ठिकाणी टपकत होता. स्टीलचं फुलपात्र खाली धरून ठेवलं, तासाभरात निम्मं भरलं.

फोम कधी फाटला ते घरातच कळलं. एका उत्तरायणात पोरं अडकलेला पतंग काढायला शेडवर चढली होती आणि तोल सावरायला त्यांनी पाइपच धरला होता. बाकीचं काम उन्हाने आणि खारींनी केलं. स्क्रू पहिल्यांदा गंजले ते त्यानंतरच्याच पावसाळ्यात. दोन्ही तारखा माझ्या डोक्यात होत्या, पण मी त्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

आता पत्रा नीट पाहिला. थेंब पडायचा तिथे नखाएवढा काळसर डाग. तिथून पन्हाळीपर्यंत जिभेच्या आकाराचा लालसर पट्टा, वर अरुंद, खाली रुंद. त्या पट्ट्यात आलेले स्क्रू गेले होते. पट्ट्याच्या बाहेर चार बोटांवर, त्याच दिवशी, त्याच डब्यातून काढून लावलेले स्क्रू ठणठणीत होते.

एसीचा जाड पाइप गार असतो, म्हणून हवेतली वाफ त्याच्यावर जमते. उघड्या तांब्यावरून ओघळताना ते पाणी तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश बरोबर घेतं. हे पाणी जस्तावर पडलं की पाण्यातलं तांबं जस्तावर बसतं आणि त्या बदल्यात जस्त विरघळतं. बसलेला तांब्याचा प्रत्येक कण मग आपल्या आजूबाजूचं जस्त खात राहतो. म्हणजे तांब्याने पत्र्याला हातही लावला नव्हता, वीतभर उंचीवरून नुसतं पाणी पाठवलं होतं. दोन धातू चिकटलेले दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका असं मी म्हणतो, ते यामुळे.

दोन धातू आणि एक ओल

लोणच्याच्या स्टीलच्या भांड्यावर अॅल्युमिनियमची फॉइल घट्ट दाबून ठेवली, फॉइल लोणच्याला टेकली, आणि सकाळी तिला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली, हे बऱ्याच घरांत झालेलं असतं. दोष फॉइलच्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात स्टील, अॅल्युमिनियम आणि मधलं खारट-आंबट पाणी मिळून एक बॅटरी तयार झालेली असते. बॅटरीत एक टोक झिजतं, ते टोक म्हणजे फॉइल. काच-बरणीवर तीच फॉइल असती तर सहसा असं झालं नसतं.

अगाशीवरही तेच होतं, फक्त लोणच्याच्या जागी पावसाचं पाणी, धूळ आणि कबुतरांची विष्ठा. तीन गोष्टी एकत्र लागतात : जातीने वेगळे दोन धातू, त्यांच्यातला स्पर्श, आणि दोघांना जोडणारी ओल. तिघांतली एक काढा, बॅटरी बंद. दुरुस्तीचा प्रत्येक उपाय या तिघांपैकी कशावर तरी घाव घालतो, दुसरी जादू कुठलीच नाही.

कोण झिजणार हे एका रांगेवरून ठरतं. बांधकामात लागतात तेवढ्यांची रांग साधारण अशी : मॅग्नेशियम, जस्त, अॅल्युमिनियम, लोखंड, शिसं, पितळ, तांबं, चांगलं एसएस, आणि सगळ्यात शेवटी ग्राफाइट. रांगेत आधी असलेला झिजतो, नंतरचा टिकतो. दोघांत अंतर जितकं जास्त तितकी भूक मोठी. जस्त आणि अॅल्युमिनियम शेजारी-शेजारी आहेत, त्यांचं बऱ्यापैकी जमतं. जस्त आणि तांबं यांचं कधीच जमत नाही. खात्री करायची असेल तर मिठाच्या पाण्यात एक जीआय खिळा आणि एक तांब्याची तार बुडवून मल्टिमीटर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसेल. खिळा आणि तार, एवढंच.

ग्राफाइटचं नाव वाचून हसू नका. अॅल्युमिनियम-जस्ताचं मिश्र लेपन असलेल्या पत्र्यावर शिसपेन्सिलीने खुणा केल्या की पुढे त्या रेषांवर गंज उमटतो. पत्रे बनवणारे स्पष्ट सांगतात की पेन्सिल वापरू नका, मार्कर वापरा. आणि आपल्याकडे प्रत्येक मिस्त्रीच्या कानावर पेन्सिल असतेच.

या रांगेतूनच छपरावरच्या पाण्याचा जुना नियम येतो : पाणी जस्ताकडून तांब्याकडे गेलं तर चालतं, तांब्याकडून जस्ताकडे किंवा अॅल्युमिनियमकडे येता कामा नये. माझ्या शेडवर नेमकं उलटं चाललं होतं.

हाच रोग आहे कशावरून?

प्रत्येक लाल डागाला 'दोन धातूंची भानगड' म्हणून मोकळं होऊ नका. कारखान्यातही नवशिके पोरगे असंच करायचे. या रोगाची खूण म्हणजे नुकसान सांध्याला सगळ्यात जास्त असतं आणि तिथून दूर जाऊ तसं कमी होत जातं. शिवाय एक धातू खाल्लेला आणि त्याला चिकटलेला दुसरा जवळजवळ कोरा दिसतो. दोन्ही सारखेच गंजले असतील तर कारण दुसरं शोधा.

सगळ्यात जास्त फसवतात ग्राइंडरच्या ठिणग्या. पत्र्यावर किंवा एसएसच्या रेलिंगजवळ एमएस कापलं की लोखंडाचे बारीक कण गरम असतानाच चिकटतात आणि पहिल्या पावसात शेकडो लाल टिपके उमटतात. घरमालक म्हणतो, एसएस नकली निघालं. नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. टिपका निघाला आणि खाली धातू सपाट असला तर त्या ठिणग्याच, पत्रा ठीक आहे. पण पुसून, धुऊन टाका, नाहीतर ठिपक्याखाली खरंच सुरुवात होते.

नवे जीआय पत्रे एकावर एक रचून पावसात भिजले तर पांढरी पूड धरते. तो जस्ताचाच गंज, हवा न लागल्यामुळे आलेला, त्यात दुसऱ्या धातूचा संबंध नाही. अॅल्युमिनियमच्या खिडकीची चौकट ताज्या सिमेंटला टेकते तिथे काळपट-पांढरं खाल्लेलं दिसतं, तो सिमेंटच्या क्षाराचा प्रताप.

एसएस खरोखर हलकं असू शकतं, हेही खरं. बाजारात ३०४ जातीचं म्हणून २०२ जातीचं विकलं जातं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते आपल्या पावसाळ्यात चहाच्या डागासारखं तपकिरी पडतं. लोक चुंबक लावून बघतात, त्यावर विसंबू नका. दोन्ही जाती चुंबकाला फारशा चिकटत नाहीत, आणि वाकवलेल्या किंवा आटे पाडलेल्या जागी अस्सल ३०४ सुद्धा थोडं चिकटतं. दुकानदाराकडे तपासायच्या द्रवाची बाटली असते. एक थेंब टाकून रंग बघायला सांगा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

पण सोलरवाले एसएसच वापरतात, त्याचं काय?

हा प्रश्न मला भावाने विचारला आणि तो बरोबर होता. शेजारच्या छपरावर सोलर पॅनेलचा जीआय सांगाडा आहे, त्याला सगळे नट-बोल्ट एसएसचे, आणि तो टुणटुणीत आहे. मग माझ्याच पत्र्याचं एसएसने भोक का केलं?

उत्तर जस्ताच्या जाडीत आहे. 'जीआय' हे एक नाव, पण आत दोन वेगळी जगं आहेत. सोलरचा जाड सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. ५ मिमी आणि त्याहून जाड पोलादावर आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त लागतं, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). छपराच्या पत्र्याचा हिशेब वेगळा. त्याचा आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. १२० ग्रॅमचा पत्रा म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन, चांगला २७५ ग्रॅमचा म्हणजे १९ मायक्रॉन. ८५ मायक्रॉनमधून एसएसच्या बोल्टने थोडं खाल्लं तर वर्षानुवर्षं कळत नाही, ८ मायक्रॉनवर तोच बोल्ट दोन पावसाळ्यांत लोखंडापर्यंत पोचतो. माझा पत्रा १२०चा होता. घेताना मी जाडी विचारली होती, कोटिंग नाही. पत्रा घेणाऱ्याने हा आकडा बिलावर लिहूनच घ्यावा.

दुसरी गोष्ट आकारमानाची. झिजणारा धातू मोठा आणि खाणारा छोटा असेल तर झीज मोठ्या जागेवर वाटली जाते आणि भागतं. उलट झालं की संपलं. एसएसच्या मोठ्या पत्र्याला किंवा तांब्याच्या पन्हाळीला जीआय स्क्रू लावणं म्हणजे दहा जणांच्या पंगतीला एक पोळी. स्क्रूची टोपी हातात येते. म्हणून सांध्यात वेगळा धातू घालणं भागच असेल तर स्क्रू-बोल्ट हा वरचढ धातूचा असावा, मुख्य वस्तू झिजणाऱ्या धातूची चालेल. फक्त पत्रा पातळ आणि जागा पाणी साचणारी असेल तर तीही सवलत मिळत नाही. माझ्या दुसऱ्या चुकीत तेच घडलं होतं, आणि वरून तांब्याचं पाणी होतंच.

तिसऱ्या चुकीचंही गणित इथेच सुटतं. मी रंग लावला तो झिजणाऱ्या पत्र्यावर. रंग कितीही काळजीने लावा, कुठे ना कुठे सुईच्या टोकाएवढी जागा उघडी राहते, आणि मग सगळी झीज त्या टोकावर एकवटते. रंग द्यायचाच तर खाणाऱ्या धातूला आधी द्या. हे ऐकायला उलटं वाटतं, एसएसच्या चकचकीत स्क्रूला कोण रंग लावतो? पण खाणारा झाकला गेला की त्याची खाण्याची जागाच कमी होते. सगळ्यात उत्तम, दोघांनाही द्या.

शेड शेवटी कशी दुरुस्त केली

सुरुवात पत्र्यापासून नाही, पाण्यापासून केली. एसीवाल्याला बोलावून पाइपावर नवा फोम चढवला, त्याच्यावर उन्हात टिकणारी टेप गुंडाळली. एसीच्या आतल्या युनिटचं निचऱ्याचं पाणीही तांब्याच्या कॉइलवरून येतं, आणि त्याची नळीही शेडच्याच पत्र्यावर सोडलेली होती. ती पीव्हीसीच्या पाइपाने थेट खालच्या पन्हाळीच्या प्लास्टिक पाइपात नेली. भाऊ म्हणाला, "दादा, एवढ्यासाठी तीन वेळा स्क्रू बदललेस?" बदलले होते खरे.

मग पत्रा. पट्ट्यातले दोन पत्रे पूर्ण बदलले, कारण भोकं मोठी झाली होती. ठिगळ लावायचा मोह आवरला. ठिगळाखाली पाणी साचतं आणि नवी बॅटरी तयार होते. शेजारचा एक पत्रा फक्त वरवर तपकिरी होता, तो वाचवला. तारेच्या ब्रशऐवजी पॉलिश पेपरने लोखंडाची चमक दिसेपर्यंत घासला, थिनरने पुसला आणि झिंक रिच (भरपूर जस्त असलेल्या) स्प्रेचे दोन हात दिले. हा स्प्रे थेट लोखंडावर बसला पाहिजे, कारण त्यातल्या जस्ताने लोखंडाला टेकूनच त्याच्या वाटची झीज आपल्यावर घ्यायची असते. खाली रेड ऑक्साइडचा प्रायमर मारून वर झिंक मारणारे मिस्त्री मी पाहिलेत. दोन्ही डब्यांचे पैसे जातात आणि जस्त रंगाच्या थरावर नुसतं बसून राहतं.

साधा ऑइलपेंट नव्या जीआयवर टिकत नाही, हेही माझ्या ठिपक्यांनी दाखवून दिलं. जस्त आणि तेलाचा रंग यांच्यात साबणासारखा थर होतो आणि पापुद्रा उठतो. जीआयसाठी वेगळा एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड घेणारा पहिला हात, मिळतो, आधी तो, मग रंग.

स्क्रू जस्तलेपितच घेतले, पण जाड लेपनाचे. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या-चंदेरी स्क्रूंवर विजेच्या मुलाम्याचं जस्त असतं, ते थोडेच मायक्रॉन. खाली रबर वॉशर. स्क्रू नालीच्या उंचवट्यावर मारले, खोलगट भागात नाही, म्हणजे भोकाशी पाणी उभं राहत नाही. स्क्रू कसायची बंदूक किती दाबायची यावर मिस्त्रीशी वाद झाला. त्याला वॉशर चेपून बाहेर आलेला आवडतो, 'टाइट' वाटतो. वॉशर फुटला की पाणी आत जातं. कडा जराशी फुगली की थांबायचं. सगळं झाल्यावर पत्र्यावर पडलेला ड्रिलचा भुगा मऊ ब्रशने झाडून काढला. सकाळी तीच चमकती पूड लाल झालेली असते.

जिथे वेगळा धातू टाळताच येत नाही

अशा वेळी दोघांच्या मध्ये वीज न जाऊ देणारं काहीतरी घालायचं. ही युक्ती जुनी आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३च्या तपासणीत तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजलेले निघाले. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे तसाच राहिला होता, आणि खिळा व तांबं एकमेकांना टेकलेच नव्हते. गॅल्व्हानीच्या बेडकांवरच्या विजेच्या प्रयोगांच्या आणि व्होल्टाच्या १८००च्या बॅटरीच्या आधी एका गाफील कामगाराने हा शोध लावून ठेवला होता म्हणायचा.

आपला तपकिरी कागद म्हणजे नायलॉन किंवा टेफ्लॉनचे वॉशर, रबर पट्टी, जाड टेप. पण बोल्टच्या बाबतीत नुसता वॉशर लावून भागत नाही, तिथे बहुतेक जण चुकतात. बोल्टची दांडी भोकाच्या कडेला टेकलेलीच असते. भोकात नायलॉनची बुश (छोटी नळी) हवी आणि दोन्ही बाजूंना वॉशर. जोडून झाल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून एक टोक बोल्टला, एक सांगाड्याला लावा. वाजला तर कुठेतरी टेकतंय. ही चाचणी एकेक बोल्ट कसताना करा. सगळं जोडल्यावर वीज दुसऱ्या सांध्यातून फिरून येते आणि मीटर प्रत्येक ठिकाणी वाजतो, मग डोकं धरून बसायचं.

सोलरला हे जसंच्या तसं लावू नका. पॅनेलच्या अॅल्युमिनियम चौकटीला अर्थिंग लागतंच, त्यामुळे मध्ये नायलॉन घातलंत तर अर्थिंगची वेगळी तार जोडावी लागते. आणि ती तार उघड्या तांब्याची, थेट अॅल्युमिनियमवर पिळलेली नको, पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथे पांढरी पूड दिसेल. तारेच्या टोकाला कथलाचा मुलामा दिलेला तांब्याचा लग (तारेवर दाबून बसवायचं, बोल्टसाठी भोक असलेलं टोक) घ्या. आपल्या आज्या पितळी पातेल्याला कल्हई करून घ्यायच्या, तीच कल्हई. इथे ती तांबं आणि अॅल्युमिनियम यांना समोरासमोर येऊ देत नाही. तार हिरव्या आवरणातली असू द्या. उघडी तांब्याची तार जीआय छपरावर आडवी पडली असेल तर माझ्या शेडची गोष्ट तिथे पुन्हा सुरू होईल.

पाण्याच्या टाकीखाली पितळी व्हॉल्व्हला जीआय निपल (आटे पाडलेला छोटा पाइपाचा तुकडा) असतो, तो आट्यांमध्येच मोडतो. आटे पाडताना तिथलं जस्त कापलं गेलेलं असतं, उघडं लोखंड पितळाला चिकटून कायम पाण्यात. पितळी निपल लावा किंवा प्लास्टिकचा तुकडा टाका. फक्त जुन्या घरात हे करण्याआधी इलेक्ट्रिशियनला विचारा. पूर्वी काही जण घराचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधून मोकळे व्हायचे, आणि मध्ये प्लास्टिक आलं की ते तुटतं.

दांडिया बाजारचा कठडा

आत्येभावाचं दांडिया बाजारात जुनं घर आहे. पुढच्या ओवरीला बिडाचा (ओतीव लोखंडाचा) कठडा आणि त्याच्या खांबांवर पितळेचे गोळे, लिंबाएवढे. दसऱ्याला वहिनी ते चिंच लावून घासतात, रस्त्यावरून चमकतात. गेल्या पावसाळ्यानंतर त्यातला एक गोळा त्यांच्या हातात आला. आतली लोखंडी पिन वाळक्या काडीसारखी झाली होती, गोळा मात्र जसाच्या तसा. मोठ्या पितळात छोटी लोखंडी पिन, वर पावसाचं पाणी, आणि चिंचेचा अंश धुवून न काढलेला.

पिन पितळेची करून घेतली, म्हणजे पिनेवरचा जुलूम थांबला. आता झिजला तर खांबाचा भोकाभोवतीचा बिडाचा भाग झिजेल, म्हणून पिन ग्रीसमध्ये बुडवून बसवली, गोळ्याखाली टेफ्लॉनची चकती ठेवली आणि चकतीच्या कडेने सीलंटची बारीक रेघ फिरवली. उरलेले अकरा गोळेही उघडले. चार पिना तुटायला आलेल्या, एक तर गोळा फिरवताच मोडली.

पण खरं काम खाली निघालं. खांबांची टोकं दगडात खोबणी करून शिसं ओतून बसवलेली आहेत, जुन्या पद्धतीने. लोखंड आणि शिसं यांच्या रेषेत खड्डा झालाय आणि तिथे पाणी उभं राहतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, त्या दाबाने एका ठिकाणी दगडाचा कोपरा उडाला आहे. शिसं काढायचं नाही असं ठरवलंय, दगडच फुटेल. खोबणी खरवडून, सुकवून, लोखंडाला प्रायमर मारायचा, रंग शिशावर दोन बोटं पुढे न्यायचा, आणि वर सीलंटचा उतार द्यायचा म्हणजे पाणी बाहेर जाईल. सुकवणं मात्र दिवाळीच्या आधी जमणार नाही. वहिनींची अट एकच आहे, गोळ्यांना रंग लावायचा नाही. पारदर्शक लॅकर चालेल का म्हटलं, तर म्हणाल्या, "भावजी, मग दसऱ्याला घासायचं काय?" तेव्हा गोळे उघडेच राहणार. चिंचेनंतर दोन तांबे पाणी ओतून कोरडं पुसायचं, एवढं त्यांनी कबूल केलंय.